बर्फाच्या कडेची दुसरी रेघ

तीर्थस्वरूप मामा,

दोन्ही हात जोडून आणि (या वेळी कुणी दटावलेलं नसताना) मान खाली घालून नमस्कार.

माझं आयुष्य मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बदललं. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण ती संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेली होती आणि मला पडद्याच्या मध्यभागी बघवत नव्हतं. मध्यभागी लिहिलं होतं : फरक शून्य.

पण ते पुढे येईलच. आधी तुमची तब्येत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं आई म्हणाली, पण कोणत्या डोळ्याचं ते तिला सांगता येईना ("दोन्हींपैकी एका" असं म्हणाली). आता स्पष्ट दिसतं का? बारीक रेघ दिसते का? पांढरा आणि करडा यांतला फरक कळतो का? पडद्याकडे तासभर बघितलं तर पाणी येतं का? हे सगळं निव्वळ आपुलकीने विचारतोय, दुसरा काही हेतू नाही. मामींच्या गुडघ्यांना आराम असेल. (मामी, हे पत्र तुम्हीच आधी फोडणार हे मला माहीत आहे. नमस्कार. कृपा करून आईला वाचून दाखवू नका.) बाबा बरे आहेत, तुमची आठवण काढतात, फक्त भिंतीचा विषय काढत नाहीत. फोनच केला असता. पण तुम्ही फोन आला की तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवता, आणि माझ्या भानगडी मामींना, समोरच्या काकूंना आणि गॅलरीतल्या पोपटाला एकाच वेळी कळतात. त्यातला पोपट तर नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतोही.

मामा, मी घाबरलो आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्राच्या सरांशी हमरीतुमरीवर येऊन मी वर्गाबाहेर पडलो, दार असं आपटलं की त्याची मूठ माझ्या हातात आली, तेव्हा घाबरलो नव्हतो. (मूठ अजून माझ्याकडेच आहे. परत द्यायला गेलो असतो तर कॉलेज सोडल्याचा सगळा रुबाब गेला असता.) पुढे कुरिअरच्या कंपनीत लागलो, तिथे एका गिऱ्हाइकाचा कुत्रा पोटरीला चावला, तेव्हाही घाबरलो नाही, उलट मीच गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलो. पण आता घोट्यापासून मानेपर्यंत एकच थरथर आहे आणि ती तीन दिवस थांबलेली नाही. अक्षर बिघडलंय ते त्यामुळे. आधीही फारसं चांगलं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

मी नेमकं काय काम करतो हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. आई सगळ्यांना "तो सरकारी बर्फात आहे" असं सांगते. तर, ध्रुवाजवळ समुद्राचं पाणीच गोठतं. हिवाळ्यात तो बर्फ पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो. उपग्रह वरून त्याची चित्रं घेतो. चित्रात पांढरं म्हणजे बर्फ, काळं म्हणजे पाणी, आणि दोन्हींच्या मधे करड्या रंगाचा नुसता गोंधळ. त्या गोंधळातून बर्फाची कड शोधायची आणि पडद्यावर रेघ ओढायची. तुम्ही चौतीस वर्षं भूमापनात जे केलंत तेच. फक्त इथे जमीन दर वर्षी हलते आणि शेजारी भांडायला येत नाहीत. लांबट खोली आहे, सहा पडदे आहेत, खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय, कारण बाहेरचा उजेड आला की करडं पांढरं दिसायला लागतं. बाहेर ऊन आहे की काय आहे ते जेवणाच्या सुट्टीतच कळतं. आमचे साहेब हळू बोलतात, कधी चिडत नाहीत, त्यांचा पारा म्हणून वर चढत नाही. सगळे त्यांना मागून थर्मामीटर म्हणतात. मी एकदा चुकून पुढून म्हणालो. ते म्हणाले, "बिघडलेला की चांगला?" आणि निघून गेले.

या कामाचा एक नियम आहे, तो नीट लक्षात ठेवा, माझी सगळी वाट त्यातच लागली आहे. यंत्रही कड काढतं, पण यंत्र ओल्या बर्फाला पाणी समजतं, म्हणून माणसाच्या डोळ्याने ताडून बघतात. आणि एका माणसाच्या डोळ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक चित्रावर दोन माणसांनी दोन रेघा ओढायच्या, वेगवेगळ्या बसून, एकमेकांची रेघ न बघता. दोन रेघांत सरासरी जितक्या किलोमीटरचा फरक, तितकी आपली चूक धरायची. चित्रं गेल्या चाळीसेक वर्षांची, पण पत्ते पिसावेत तशी पिसलेली. वर्ष लपवलेलं. जुनी धूसर असतात म्हणून नवीही मुद्दाम तितकीच धूसर केलेली, म्हणजे कुणाला अंदाजही बांधता येऊ नये. सगळं झालं की साहेब वर्षं उघडतात आणि मग कळतं बर्फ किती होता, किती राहिला.

पहिली रेघ मी ओढत नाही. पहिली रेघ ती ओढते.

तिचं नाव लिहीत नाही. (मामी, शोधू नका, पुढेही नाही.) मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पार्सल द्यायला आलो होतो तेव्हा. सही करताना ती म्हणाली, "खोका उलटा धरलाय तुम्ही." मी खोका सुलटा केला आणि माझं आयुष्य उलटं झालं. तिच्या मागे भिंतीवर कागद होता : रेघा ओढण्यासाठी माणूस पाहिजे, नजर स्थिर हवी, पदवीची अट नाही. मामा, त्या क्षणी माझी नजर इतकी स्थिर होती की साहेबांना वेगळी परीक्षा घ्यावी लागली नाही. कुरिअरची टोपी मी तिथेच काढून ठेवली.

पहिल्या आठवड्यात तिने मला शेजारी बसवून शिकवलं. मी विचारलं होतं, हा सगळा बर्फ वितळला तर समुद्र वर येऊन आपण बुडू का? (प्रश्न हुशारीचा वाटावा म्हणून रात्री पाठ केला होता.) तिने उत्तर दिलं नाही. चहाच्या टेबलावर एक पेला काठोकाठ भरला, त्यात बर्फाचे खडे तरंगत ठेवले आणि म्हणाली, "सांडतं का बघत बसा." मी पाऊण तास पेल्याची राखण केली. तीन जणांना पेल्यापासून लांब ढकललं, एकाशी कायमचं वाकडं आलं. थेंबही सांडला नाही. मी धावत तिला सांगायला गेलो, सांडलं नाही, वाचलो! ती हसली नाही. म्हणाली, "तरंगणारा बर्फ वितळून समुद्र फारसा चढत नाही. ते ठीक आहे. पण तो पांढरा असतो तोवर ऊन परत जातं. खालचं काळं पाणी उघडं पडलं की ऊन आतच राहतं. मग पाणी तापतं, मग आणखी बर्फ जातो, मग आणखी काळं." मी "हो हो" म्हणालो. खरं सांगायचं तर माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. बोटं टेबलावर गोल फिरत होती, आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा लहान होत होती. ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं नव्हतं, नुसतं कानात थांबलं होतं. ते मागून आलं. त्याबद्दल सांगतोच.

दर शुक्रवारी फळ्यावर फरक लिहितात. माझा पहिला फरक चौदा किलोमीटर. फळ्याच्या वरच्या ओळीत माझ्या आधीच्या माणसाचा फरक अजून पुसलेला नव्हता : तीन. हा माणूस आता वरच्या मजल्यावर बसतो, जाड चष्मा लावतो आणि जिन्यात तिला भेटला की "अजून करडं छळतं का?" असं विचारतो. करडं! आमच्या खोलीतलं करडं! ती मला म्हणाली, "तुम्ही फार घाईत असता हो. करडं दिसलं की चिडता. चिडू नका, थांबा." मी थांबलो. फरक अकरा झाला. आणखी थांबलो, बारा झाला. चष्मेवाला तीन आणि मी बारा, म्हणजे त्याची आणि तिची नजर माझ्या चौपट जुळते, असं गणित मी मांडलं. भौतिकशास्त्रात नापास होणारा माणूस गणित कुठे मांडतो बघा.

आणि मग मी तिची रेघ उघडून पाहिली.

फाइल कुलूपबंद नसते, मामा. कारण कुणी बघेल असं कुणाच्या मनातच येत नाही. मी सुरुवातीला नुसतं बघायचो आणि माझी रेघ तिच्या जवळून ओढायचो. फरक पाचवर आला, मग दोनवर. दोन! ती म्हणाली, "शिकलात की." तेवढ्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला. माझी समजूत अशी, की मी लबाडी करत नाही, सहवास करतोय. ती जिथे वळते तिथे मी वळतो, ती जिथे थांबते तिथे मी थांबतो. असं करत करत सोमवारी तिने सांगितलं की शेवटची सतरा चित्रं राहिलीत, मंगळवारी साहेबांसमोर सगळं लावून बघू. शुक्रवारी बाहेरून तपासणारे येतील आणि तिच्या सहा वर्षांच्या कामाचा निकाल लागेल. मी म्हणालो, सतरा ना, आत्ता करतो. तेवढ्यात ती म्हणाली खाली चहाला येता का. मामा, ती पहिल्यांदाच म्हणत होती. सतरा चित्रं की चहा? मी तिच्या फाइलची प्रत उचलली, माझ्या नावाने ठेवली आणि जिना उतरलो. हातानं ओढायलाही थांबलो नाही.

मंगळवार, अकरा दहा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सतरा चित्रं," ते हळूच म्हणाले, "दोन माणसं. आणि कुठे एका केसाचाही फरक नाही. जुळी भावंडं जेवायला बसली तरी एवढी जुळत नाहीत." आणि ती? ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "फरक काढायचा प्रोग्राम मी लिहिलाय. माझंच काहीतरी चुकलंय. मी शोधते."

आज तीन दिवस ती शोधते आहे, मामा. नसलेली चूक. जेवत नाही. डबा उघडून समोर ठेवते आणि प्रोग्रामच्या ओळी एकेक बोटाने वाचते. मधेच पुटपुटते, कुठे चुकले मी. आणि मी चार हातांवर बसून "सापडेल, सापडेल" म्हणतो. मला जमिनीने गिळावं असं वाटलं, पण तिसऱ्या मजल्यावर ती सोयही नाही.

परवा मी ठरवलं, सगळी एकशे बहात्तर चित्रं पुन्हा करायची, प्रामाणिकपणे. तिची रेघ न बघता. परवा दुपारपासून रात्रीपर्यंत, आणि काल सकाळी सात ते संध्याकाळी सात. खरं सांगतो, मनात एक घाणेरडी आशा होती : माझ्या रेघेत बर्फ जास्त निघावा. म्हणजे एवढं काही झालेलं नाही, तिचंच चुकलं, घाबरायचं कारण नाही, सगळे घरी जा! या आशेने मी पहिल्यांदा बर्फाकडे बघितलं. आत्तापर्यंत तिच्या रेघेकडेच बघत होतो ना.

काही चित्रांत बर्फ किनाऱ्यापर्यंत आलेला, गच्च, रजई ओढून घेतल्यासारखा. काहींत मधे एवढं काळं, की मला वाटलं चित्राचा तुकडा गळालाय. मी पडदा फडक्याने पुसला. पुसूनही काळं तसंच. काल संध्याकाळी मी वर्षांची यादी उघडली. (कुलूप यादीलाही नाही. या खोलीत माझ्याशिवाय सगळे सज्जन आहेत.) गच्च चित्रं आईच्या लग्नाच्या आसपासची होती. मी जन्मलो तेव्हा कड आत सरकलेली. मी शाळेत गेलो तेव्हा आणखी आत. आणि ज्यात मी पडदा पुसला, ते चित्र मी दार आपटून कॉलेजबाहेर पडलो त्या वर्षीचं. उन्हाळा संपतानाच्या बर्फाचं बोलायचं, तर दहा बोटांतली चार बोटं गेली, मामा. माझ्या एवढ्याशा वयात. मी मूठ खिशात घेऊन हिंडत होतो तेव्हा तिकडे हे चाललं होतं आणि कुणी दार आपटल्याचा आवाजही आला नाही.

तेव्हा ते कानात थांबलेलं वाक्य आत गेलं. आणखी काळं, मग आणखी. बोटांच्या लहान होत जाणाऱ्या फेऱ्या.

कालपासून मी सरळ नाही. घरमालकीणबाईंनी फ्रीजचं दार अर्धं उघडं ठेवलं म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो, त्या म्हणाल्या, "अरे, दूध काढतेय मी!" रात्री नळ ठिबकला तर उठून बसलो. बसथांब्यावर काळा शर्ट घातलेल्या एका गृहस्थाला सांगितलं की तुम्ही ऊन धरून ठेवताय. त्यांनी बस सोडली, पण माझ्याबरोबर चढले नाहीत. हसू नका. म्हणजे हसा, पण नंतर थोडा वेळ गप्प बसून बघा.

आणि सगळ्यात भीतीची गोष्ट तर अजून सांगितलीच नाही. माझ्या प्रामाणिक रेघेत बर्फ तिच्यापेक्षाही कमी निघाला. ती करड्याला संशयाचा फायदा देते, बर्फात धरते. मी देत नाही. म्हणजे ती बरोबर आहे. चुकली असलीच तर भल्यापणाने चुकली आहे. पण हे मी कुणाला सांगू? उद्या तपासणारे दोन्ही फाइली मागतील. सतरा चित्रांत एकच रेघ दोनदा दिसेल. ते म्हणतील, यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय; सगळंच बनवलेलं; बर्फ काही गेलेला नाही. लोकांना तर असं ऐकायचंच असतं, मी स्वतःच दोन दिवस तेच ऐकायला बसलो होतो. तिची सहा वर्षं पाण्यात. आणि माझी नवी रेघ कितीही खरी असली तरी चालणार नाही, कारण मी तिची आधी बघितली आहे. नियमच तसा आहे. बघितलेलं न बघितलेलं करता येत नाही.

म्हणून मी ठरवलंय : पळून यायचं. उद्या पहाटेच्या गाडीने निघतो, दुपारी तुमच्याकडे. (पत्र आधी पोचतं की मी, बघू.) माळ्यावर एक गादी टाकून ठेवा. कुणी विचारलं तर मी आजारी आहे म्हणा. फार वेळ राहणार नाही, फक्त हे सगळं मिटेपर्यंत (बर्फाचं नव्हे, माझं). थोरांना नमस्कार, लहान कुणी असेल तर त्याला गोड पापा, पोपटाला काहीही सांगू नका.

तुमचा, आणि सध्या कुणाचाच नसलेला,
भाचा

ता. क. : गादी झटकून घ्या, मला धुळीने शिंका येतात.

ता. क. दुसरा : वर डोळ्यांबद्दल जे विचारलं, ते निव्वळ आपुलकीने नव्हतं. मला लहानपणचं आठवत होतं. बाबांनी नवी भिंत घातली आणि शेजाऱ्याने तक्रार केली, तेव्हा मोजायला तुम्हीच आलात. एकदा मोजलंत. मग पहिले आकडे वहीत मिटून, मोजणीची साखळी उलट्या टोकाने धरून पुन्हा मोजलंत. आणि सख्ख्या मेव्हण्याची भिंत दीड हात शेजाऱ्याच्या हद्दीत गेली आहे असं लिहून दिलंत. आई रडली. भिंत पडली. बाबा दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत आणि मी तुमच्या सायकलची हवा सोडली. (तीन वेळा. आज कबूल करतो.) मला वाटायचं या माणसाला कुणावर मायाच नाही. मामा, तुम्ही त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर किती वेळ बसून होतात ते मी खिडकीतून बघितलं होतं.

ता. क. तिसरा : गादी टाकू नका. मी येत नाही, तुम्ही या. शेवटच्या सतरा चित्रांसाठीच नव्हे, सगळ्या एकशे बहात्तरांसाठी दुसरी रेघ लागेल, आणि ती ओढणारा असा हवा, ज्याने तिची रेघ बघितलेली नाही, माझी बघितलेली नाही, आणि जो कुणाच्या प्रेमात असला तरी रेघ वाकडी करत नाही. असा माणूस मला एकच माहीत आहे आणि त्याच्या दोन्हींपैकी एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. साहेब हो म्हणतील की नाही, ठाऊक नाही. तपासणाऱ्यांना थांबायला सांगतील की मला आधी हाकलतील, तेही ठाऊक नाही. मला हाकललं तरी तुम्ही या. आणि मामा, तुमच्या रेघेत बर्फ जास्त निघाला, तर मला पहिल्यांदा सांगा. मी अजून वाट बघतोय.

ता. क. चौथा : आत्ता ती आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मला वाटतं सापडली चूक. माझीच आहे. साहेबांना सांगते आणि उद्याचं रद्द करते." चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणालो, पाच मिनिटं थांबा, काही सांगू नका, आधी मला साहेबांना सांगायचंय. ती म्हणाली, "पुन्हा घाई?" मी म्हणालो, नाही, पहिल्यांदाच उशीर. त्या पाच मिनिटांत हे लिहिलं. ती साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसली आहे, मला इथून तिचे फक्त जोडे दिसतात. चहाला ती पुन्हा कधी बोलावणार नाही, हे गृहीत धरलंय. पाकिटावर तुमचा पत्ता घातला. टपालाची पेटी बाहेर जिन्यापाशीच आहे, जाता जाता टाकतो. उठतोय. पेन ठेवतो. दार लावून घेतो, मामा. आपटत नाही. हळूच.